लाइट गेल्यावर जिना दिसला पाहिजे: सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी इमर्जन्सी लाइटची माहिती

नवी कमिटी निवडून आली की पहिले काही महिने पाण्याची टाकी, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), पार्किंगचे वाद आणि थकबाकी यांतच जातात. आगीचा विषय निघालाच तर कोणीतरी लाल सिलेंडरवरची तारीख बघून येतं. पॅसेजमधला तो छोटा पांढरा डबा, ज्यावर दोन दिवे असतात, म्हणजे वीज गेल्यावर आपोआप पेटणारा इमर्जन्सी लाइट, तो चालतो की नाही हे सहसा कोणी विचारत नाही. आगीत माणसं खाली उतरतात ती जिन्याने, आणि जिना दिसला तरच. म्हणून आज फक्त या एका गोष्टीबद्दल लिहितो आहे.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर बाल्कनीपर्यंत चढला. वीज गेली. इमर्जन्सी लाइट नव्हते, आणि बाल्कनीतली एका बाजूची वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. ५९ जण गुदमरून गेले. आग त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. आपल्या इमारतीत सिनेमागृह नाही हे खरं, पण आग लागल्यावर वीज जाते हे सगळीकडे सारखंच. शॉर्ट सर्किटने जाते, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडून जाते, किंवा अग्निशमन दलाचे जवान आल्या आल्या स्वतःच पुरवठा बंद करतात, कारण चालू लाइनवर पाणी मारता येत नाही. म्हणजे जिन्यातला नेहमीचा दिवा नेमक्या त्याच वेळी विझणार हे धरूनच चालायचं.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यातल्या कलम ३ नुसार ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. सोसायटीच्या बाबतीत याचा अर्थ सोसायटी, आणि व्यवहारात कमिटी. बिल्डरने काय बसवलं होतं, आधीच्या सेक्रेटरींनी काय केलं, एएमसीवाला का आला नाही, ही कारणं तिथे चालत नाहीत. उपाययोजना कशा असाव्यात यासाठी कायदा राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवतो. तिला सगळे एनबीसी म्हणतात. सध्याची आवृत्ती २०१६ ची आणि आपल्या कामाचा तो भाग ४.

दोन फॉर्म लक्षात ठेवायचे. यंत्रणा बसवून झाली की परवानाधारक एजन्सी फॉर्म ए देते. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा सुस्थितीत आहे असा फॉर्म बी. ही एजन्सी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेलीच हवी. ओळखीतला वायरमन कितीही हुशार असला तरी त्याची सही इथे उपयोगाची नाही. तपासणीत त्रुटी निघाल्या तर नोटीस येते. तरीही काही केलं नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार आहेत आणि कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच की एनबीसी देशभर एकच आहे, फॉर्म आणि कार्यालयं मात्र राज्यागणिक बदलतात.

एनबीसीतले आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढे विक्रेत्याशी बोलताना हेच कामाला येतात. नेहमीचा पुरवठा गेल्यापासून ५ सेकंदांच्या आत दिवा लागला पाहिजे. इमारत कितीही लहान असली तरी तो किमान ९० मिनिटं टिकला पाहिजे. सुटकेच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीला, किमान १० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) उजेड हवा. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. १० लक्समध्ये पेपर आरामात वाचता येणार नाही, पण पायरीची कड, कठडा आणि वाटेत कोणी ठेवलेली सायकल स्पष्ट दिसते.

सुरुवात खरेदीने करू नका

बहुतेक कमिट्या इथेच घाई करतात. तीन कोटेशन मागवतात, स्वस्त ते घेतात, प्रत्येक मजल्यावर एक दिवा ठोकतात आणि विषय संपवतात. मजल्यावर एक हा हिशेब कुठल्याच नियमात नाही. कुठे दिवा हवा हे इमारतीचा आकार ठरवतो, आणि तो कळण्यासाठी अंधारात एक फेरी मारावी लागते.

दोन दिवस आधी सूचना फलकावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर कळवा. रात्री साडेनऊ-दहाची वेळ घ्या. फक्त जिना आणि पॅसेजच्या दिव्यांचे एमसीबी पाडायचे आहेत. लिफ्ट, पंप किंवा घरांचा पुरवठा याला हात लावायचा नाही. वॉचमनला मीटर रूमजवळ उभं करा, म्हणजे हाक मारली की तो एमसीबी वर करेल. दोन-तीन जण टॉर्च खिशात ठेवून वरच्या मजल्यावरून निघा, कठड्याला धरून, सावकाश. टॉर्च लावायचा तो फक्त अडचण आली तर.

उतरताना एक जण नोंद करत जाईल. कुठल्या लँडिंगवर पायरी दिसत नाही, कुठे पॅसेज वळतो आणि पुढचं कळत नाही, गच्चीचं दार कुठल्या दिशेला उघडतं, अग्निशामक सिलेंडर आणि होज रीलचा (आग विझवायच्या पाण्याच्या नळीचा) डबा अंधारात सापडतो का. तळमजल्यावर पोहोचल्यावर थांबू नका, कारण वाट तिथे संपत नाही. लॉबीतून पार्किंगमध्ये, पार्किंगमधून गेटपर्यंत, माणूस उघड्यावर येईपर्यंत चाला. पोडियम (टॉवरखालचे पार्किंगचे मजले) असलेल्या इमारतींत या शेवटच्या टप्प्यातच सगळ्यात जास्त घोळ असतो: खांब, गाड्या, रॅम्प, आणि उजेड शून्य.

या फेरीत जिन्यात ठेवलेले चपलांचे स्टँड, कुंड्या आणि जुने सोफेही लक्षात येतात. त्यांचीही यादी करा. उजेडाने अडथळा दिसेल, हटणार नाही.

एक गोष्ट राहून जाते. चारी बाजूंनी बंद असलेल्या जिन्यात भर दुपारीही काळोख असतो. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई आणि आसपासचा भाग अंधारात गेला तो सकाळी दहाच्या सुमाराला. लिफ्ट बंद, म्हणजे उजाडलेल्या दिवशीही सगळे याच जिन्यांवर. तुमचा जिना बंदिस्त असेल तर ही फेरी एकदा दिवसाही मारा.

दिवे कुठे लावायचे

आता मजल्याचा नकाशा घ्या. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे असते. नसेल तर कागदावर हाताने काढा. त्यावर लाल पेनाने खुणा करा: बाहेर पडण्याचं प्रत्येक दार, पॅसेजचा प्रत्येक फाटा आणि वळण, जिन्याची प्रत्येक ओळ (एका लँडिंगपासून पुढच्या लँडिंगपर्यंतच्या पायऱ्या), जमिनीची पातळी जिथे एका पायरीनेही बदलते ती जागा, फायर अलार्मचं बटण, सिलेंडर आणि होज रील, आणि शेवटच्या दाराबाहेरची लगेचची जागा. या प्रत्येक ठिकाणाजवळ दिवा हवा. संहितेत 'जवळ' याचा अर्थ आडव्या अंतराने साधारण २ मीटरच्या आत. जिन्याबाबत अट अशी की प्रत्येक ओळीवर थेट उजेड पडला पाहिजे. म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या जिन्यात फक्त मजल्याच्या लँडिंगवर दिवा लावून भागत नाही. मधल्या लँडिंगवरही लागतो, नाहीतर खालची अर्धी ओळ कठड्याच्या सावलीत जाते.

उंचीबद्दल: दिवा शक्य तितका खाली, पण जमिनीपासून किमान २ मीटरवर. याचं कारण धूर. तो आधी छताला साचतो आणि मग खाली उतरत येतो. छताला चिकटवलेला दिवा सगळ्यात आधी त्यात गडप होतो. विक्रेते छतालाच लावायला निघतात, कारण वायरिंग सोपं पडतं. तिथे ऐकू नका.

याशिवाय रेफ्यूज एरिया (उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेली जागा), मीटर रूम, पंप रूम, जनरेटर रूम आणि लिफ्टची मशीन रूम. या शेवटच्या चार जागा रहिवाशांच्या नाहीत, पण आणीबाणीत तिथे कोणीतरी जाऊन काळोखात हात घालणार आहे. लिफ्टच्या केबिनमधला बॅटरीचा दिवा आणि अलार्म लिफ्टच्या एएमसीत येतो. पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिककडून तो समोर चालवून घ्या.

बाहेरचा रस्ता दाखवणारे हिरवे फलक वेगळे मोजा. फलक आतून उजळलेला असावा किंवा शेजारच्या इमर्जन्सी लाइटचा उजेड त्यावर पडावा. बाण खरोखर बाहेरच्या दिशेने आहे ना, हेही बघा. पॅसेजच्या भिंतीवर आधी एका बाजूला लावलेला फलक रंगकामानंतर दुसऱ्या बाजूला लागतो आणि बाण उलटा होतो, असं मी एकाहून अधिक इमारतींत पाहिलं आहे. पायऱ्यांच्या कडांना रेडियमच्या पट्ट्या जरूर लावा, स्वस्त आणि उपयोगी आहेत. पण त्या आधी उजेड शोषतात आणि मग थोडा वेळ चमकतात. दिव्याऐवजी त्या चालत नाहीत.

कोणती यंत्रणा घ्यावी

मध्यम आकाराच्या सोसायटीला सगळ्यात सोयीचा म्हणजे स्वतःची बॅटरी असलेला स्वतंत्र दिवा. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात, आणि आगीत केबल जळली तरी फरक पडत नाही, कारण वीज त्याच्या पोटातच असते. मोठ्या टॉवरमध्ये मध्यवर्ती बॅटरी किंवा इन्व्हर्टरवरून सगळे दिवे चालवतात. देखभाल एका जागी होते हा फायदा. पण मग दिव्यापर्यंत जाणारी केबल आगीत टिकणारी हवी. इथे एक नेहमीची गल्लत होते. एफआरएलएस वायर म्हणजे सहज पेट न घेणारी आणि कमी धूर करणारी वायर. ती आगीत विद्युतप्रवाह चालू ठेवेलच असं नाही. त्यासाठी फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी मिळते आणि ती महाग असते. कोटेशनमध्ये नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

"आमच्याकडे जनरेटर आहे, मग कशाला?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. जनरेटर आपोआप सुरू होणारा असला तरी लोड घ्यायला त्याला सहसा पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपोआप नसेल तर वॉचमन चावी शोधेपर्यंत अंधारच. शिवाय जिन्याचा एमसीबी पडला किंवा वायर जळली तर जनरेटर सुरू असूनही जिना काळाच राहतो. उलट बाजूही तितकीच खरी: जिथे संहितेनुसार जनरेटर लागतो तिथे बॅटरीचे दिवे लावून तो टाळता येत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

घरात वापरतो ते इन्व्हर्टर बल्ब जिन्यात लावायचे का, हाही प्रश्न असतो. लावू नका. तो बल्ब होल्डरच्या दोन टोकांतून सर्किट जोडलेलं आहे का हे ओळखून पेटतो. बटण बंद असेल तर लाइट गेल्यावरही तो गप्प राहतो. जिन्याचे दिवे टायमरवर असतात किंवा वॉचमन सकाळी बंद करतो. दिवसा वीज गेली तर बल्बच्या दृष्टीने कोणीतरी बटण बंद केलं आहे, एवढंच. त्यावर चाचणीचं बटण नसतं, बॅटरी चार्ज होते आहे हे दाखवणारी खूणही नसते. घरी उत्तम, सुटकेच्या वाटेवर नाही.

खरेदी करताना चार गोष्टी मागा: पूर्ण प्रकाशात किमान ९० मिनिटं चालण्याची लेखी खात्री, बाहेरून दिसणारा चार्जिंगचा छोटा दिवा, चाचणीचं बटण, आणि बदलता येणारी बॅटरी. दिव्याची बॉडी पेट न घेणाऱ्या मटेरियलची हवी. "तीन तास बॅकअप" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तर तो पूर्ण प्रकाशात की मंद प्रकाशात, हे विचारा.

वायरिंग: इथेच खरी परीक्षा

एका इमारतीतली गोष्ट सांगतो. नवे कोरे दिवे बसवले आणि सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त बंद पडले. विक्रेता म्हणाला बॅटरी निकृष्ट, कंपनी म्हणाली व्होल्टेज खराब. कारण निघालं वेगळंच. वायरमनने इमर्जन्सी लाइटला फेज (वीज आणणारी वायर) दिला होता जिन्याच्या स्विचनंतरच्या वायरवरून. वॉचमन रोज सकाळी सहाला जिन्याचा स्विच बंद करायचा. दिव्याला वाटायचं वीज गेली. तो पेटायचा आणि बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत जळत राहायचा. रोज. उजेडात कोणाच्या लक्षातही यायचं नाही. रोज पूर्ण उतरणारी बॅटरी सहा महिने टिकली हेच विशेष.

म्हणून वायरमनला स्वच्छ सांगा: इमर्जन्सी लाइटचा फेज स्विचच्या आधीचा पाहिजे, म्हणजे त्याला चोवीस तास पुरवठा राहील आणि बॅटरी भरलेली राहील.

पण तो फेज घ्यायचा कुठून? त्याच भागातल्या नेहमीच्या दिव्यांच्या सर्किटवरून, म्हणजे त्याच एमसीबीवरून. काही जण स्वतंत्र एमसीबी टाकून वेगळी लाइन ओढतात. दिसायला व्यवस्थित, पण मग चौथ्या मजल्याच्या जिन्याचा एमसीबी पडला तर नेहमीचे दिवे विझतील आणि इमर्जन्सी लाइटला मात्र पुरवठा चालूच राहील, म्हणून तो पेटणारच नाही. लाइट फक्त आख्ख्या इमारतीची जात नाही, एका पॅसेजचीही जाते, हे वायरिंग करताना डोक्यात ठेवावं लागतं.

दिवे वीज गेल्यावरच पेटणारे असतात किंवा कायम जळणारे. जिन्यासाठी पहिला प्रकार पुरतो. हिरवे फलक कायम जळणारे घ्या, म्हणजे बाहेरचा रस्ता रोज डोळ्यांखाली राहतो आणि फलक बंद पडला तर तेही लगेच कळतं.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. बसवून झाल्यावर दिवे २४ तास चार्ज होऊ द्या, मग रात्री पुन्हा तीच फेरी मारा, या वेळी हातात लक्समीटर घेऊन. साधा मीटर फार महाग नसतो आणि एजन्सीकडे असतोच. मोबाइलच्या अॅपवर विसंबू नका. मीटर जमिनीवर ठेवा, वाटेच्या मध्यावर, दोन दिव्यांच्या बरोबर मधल्या जागी, कारण सगळ्यात कमी उजेड तिथेच असतो. आकडा १० च्या खाली आला तर मध्ये आणखी एक दिवा लागेल. हे आकडे नकाशावरच लिहून ठेवा.

चाचणी आणि वही

प्रत्येक दिव्याला क्रमांक द्या. ए विंग, चौथा मजला, दुसरा दिवा म्हणजे ए-४-२. स्टिकर दिव्यावर आणि तोच क्रमांक वहीत.

दर महिन्याला एकदा, वॉचमन किंवा सुपरवायझरने प्रत्येक दिव्याचं चाचणीचं बटण दाबून तो लागतो का ते बघायचं, चार्जिंगची खूण जळते का ते बघायचं, धूळ आणि जाळी पुसायची. तारीख, क्रमांक, सही. बटण दाबल्यावर लागला म्हणजे दिवा चांगला, असं मात्र समजू नका. अर्धमेली बॅटरीही दहा सेकंद झकास चालते.

खरी चाचणी ९० मिनिटांची. वर्षातून एकदा तरी हवीच, पण मी सहा महिन्यांनी करायला सांगेन: डिसेंबर आणि जूनमध्ये, म्हणजे जानेवारी-जुलैच्या फॉर्म बीच्या आधी दुरुस्तीला वेळ मिळतो. एमसीबी पाडा, घड्याळ लावा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळे मजले फिरा. कोणता विझला, कोणता पिवळट मंद झाला, लिहा. एक काळजी घ्या: पूर्ण उतरलेली बॅटरी परत भरायला साधारण एक दिवस लागतो, आणि त्या काळात खरीच वीज गेली तर जिना उघडा पडतो. त्यामुळे सगळी इमारत एकाच दिवशी घेऊ नका. एकाआड एक दिवे घ्या, बाकीचे दोन-तीन दिवसांनी.

बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत थकते. गच्चीखालच्या मजल्यावर, जिथे ऊन तापतं, तिथे आधीच. वार्षिक बजेटमध्ये दरवर्षी एक चतुर्थांश बॅटऱ्यांचे पैसे धरून ठेवा, म्हणजे चौथ्या वर्षी एकदम मोठा खर्च सभेपुढे न्यावा लागत नाही. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन घेतानाच विक्रेत्याकडे जुन्या द्या.

फॉर्म बी घेताना

एजन्सीचा माणूस आला की तो पंप चालवतो, होज रील सोडून बघतो, सिलेंडर मोजतो. इमर्जन्सी लाइटवर नुसती टिक पडते. तुम्ही त्याच्याबरोबर फिरा, वही पुढे करा, आणि बंद दिव्यांचे क्रमांक त्याच्या अहवालात लिहायला लावा. न तपासता मिळालेला फॉर्म बी सोयीचा वाटतो, पण दुर्घटना झाली की सगळ्यात आधी तोच कागद तपासला जातो आणि त्यावर तुमच्या सोसायटीचं नाव असतं. फॉर्मची एक प्रत अग्निशमन विभागात जमा केल्याची पोच फाइलला लावा.

तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर दुकानं, दवाखाना, कोचिंग क्लास असेल तर त्यांच्या आतल्या वाटेची जबाबदारी त्या भोगवटादाराचीही आहे. क्लासमध्ये एका वेळी चाळीस-पन्नास मुलं बसतात, बाहेर पडायला बहुधा एकच दार, आणि ती वाट आपल्याच पॅसेजमध्ये उघडते. त्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या: आत इमर्जन्सी लाइट आणि हिरवा फलक लावला आहे का, त्यांचा फॉर्म बी कुठे आहे, आणि पुढची ९० मिनिटांची चाचणी आपल्याबरोबर एकाच दिवशी करता येईल का. पत्राची पोच घ्या, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत लावून पाठवा.